सीक्वेलने आधीचा शेवट पुसू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हॉलीवूडचा एखादा मोठा सीक्वेल प्रदर्शित झाला की त्यावर प्रामुख्याने दोन प्रकारचे लेखन वाचायला मिळते. एक म्हणजे कमाईचे आकडे, आणि दुसरे म्हणजे 'यांना आता नवे काही सुचतच नाही' ही तक्रार. हे चित्रपट वर्षानुवर्षे आवडीने पाहत आलेला प्रेक्षक म्हणून मला या दोन्हींत खरा मुद्दा निसटल्यासारखा वाटतो. पुढचा भाग काढण्यात गैर काहीच नाही. मात्र आधीच्या चित्रपटाने कष्टाने मिळवलेला शेवट पुढच्या भागाने परस्पर रद्द करून टाकावा, हे गैर आहे, आणि अलीकडे त्याची सवयच झाली आहे.

ज्याला आपण ब्लॉकबस्टर म्हणतो त्याची सुरुवात बहुधा १९७५ च्या 'जॉज'पासून मानली जाते. त्यात शार्क मरतो, वाचलेले दोघे पोहत किनाऱ्याकडे निघतात आणि गोष्ट संपते. दोन वर्षांनी आलेल्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्येही शत्रूचे अजस्र अवकाशस्थानक नष्ट होते, वीरांना पदके मिळतात, आणि मुख्य खलनायक निसटलेला असला तरी प्रेक्षकाला आपल्याला अर्धवट उठवले असे वाटत नाही. या दोन्ही चित्रपटांना पुढचे भाग आले, पण ते येणार या आशेवर मूळ कथा लटकत ठेवलेली नव्हती.

चांगला सीक्वेल काय करतो, हे पाहायचे तर 'एलियन' या अवकाशातील भयपटाचा १९८६ चा दुसरा भाग 'एलियन्स' पुरेसा आहे. पहिल्या चित्रपटातून एकटी वाचलेली रिप्ली ५७ वर्षांच्या झोपेनंतर जागी होते. परग्रहावरच्या हिंस्र जीवाविषयी तिच्या सांगण्यावर ती जिथे नोकरी करते त्या कंपनीचे अधिकारी विश्वास ठेवत नाहीत, तिचा उड्डाणाचा परवाना काढून घेतला जातो आणि झोपेत ती दचकून उठते. म्हणजे पहिल्या चित्रपटात जे घडले त्याची किंमत दुसऱ्या चित्रपटात ती मोजत असते, आणि म्हणूनच तो जीव जिथे सापडला होता त्याच ग्रहावर ती पुन्हा जायला तयार होते तेव्हा त्या निर्णयाला वजन येते. 'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये सारा कॉनर मनोरुग्णालयात आहे, कारण यंत्रांच्या हातून होणाऱ्या मानवजातीच्या विनाशाविषयी ती खरे बोलते. 'द गॉडफादर'च्या शेवटी गुन्हेगारी टोळीचा नवा प्रमुख झालेल्या मायकेलच्या पत्नीच्या तोंडावर दार लावून घेतले जाते, आणि १९७४ चा दुसरा भाग त्या बंद दाराआड माणूस किती एकटा होत जातो ते दाखवतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा तो पहिला सीक्वेल ठरला, यात मला नवल वाटत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे २०२२ चा 'टॉप गन: मॅव्हरिक'. त्यातील विमानांच्या कसरती थक्क करतात हे खरेच, पण चित्रपट उभा राहतो तो ३६ वर्षांपूर्वीच्या भागात झालेल्या एका मित्राच्या मृत्यूवर आणि त्या मित्राच्या मुलाच्या मनातील अढीवर.

आता याच मालिकांचे पुढे काय झाले ते पाहावे. 'एलियन्स'मध्ये रिप्लीने जीव धोक्यात घालून न्यूट नावाच्या लहान मुलीला वाचवले होते, आणि चित्रपटाचा सगळा शेवट त्या सुटकेवर रचलेला होता. १९९२ च्या तिसऱ्या भागात ती मुलगी सुरुवातीलाच, झोपेतल्या झोपेत, मरून गेलेली असते. 'टर्मिनेटर २' पाहताना आपण विनाश टळला या समाधानात उठतो. २००३ चा पुढचा भाग सांगतो की तो टळला नव्हता, फक्त लांबला होता. त्याच मालिकेतला २०१९ चा 'डार्क फेट' तर साराच्या ज्या मुलाला वाचवण्यासाठी आधीचे दोन चित्रपट खर्ची पडले, त्यालाच पहिल्या काही मिनिटांत गोळी घालून मोकळा होतो. हे धाडस आहे असे काही समीक्षकांना वाटते. मला ती उसनवारी वाटते. आपल्या चित्रपटाला स्वतःचा धक्का निर्माण करता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या चित्रपटातील ठेव मोडायची, असा हा व्यवहार आहे.

'स्टार वॉर्स'च्या बाबतीत तर हिशेब आणखी सरळ आहे. १९८३ च्या भागात साम्राज्य कोसळले आणि सम्राट खोल गर्तेत फेकला गेला. २०१५ मध्ये नव्या नावाचे तसेच साम्राज्य आणि आणखी मोठे विनाशक स्थानक हजर झाले. २०१९ मध्ये खुद्द सम्राट परतला, आणि तो कसा परतला याचे उत्तर एका पात्राच्या तोंडी 'कसा कोण जाणे' अशा अर्थाच्या एका वाक्यात उरकले गेले. त्या वाक्याची जगभर थट्टा झाली, ती योग्यच होती.

यामागचे कारण लेखकांची प्रतिभा आटणे हे नाही, असे मला वाटते. पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी जॉर्ज लुकास यांनी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क स्वतःकडे राखले. तेव्हा त्यांचे मोल स्टुडिओला कळले नव्हते. २०१२ मध्ये डिस्नेने लुकास यांची कंपनी ४ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली, तेव्हा ते मोल सर्वांना कळलेले होते. इतके पैसे मोजून विकत घेतलेली गोष्ट संपणे हा मालकाच्या दृष्टीने तोटाच असतो. सुपरहीरोंचे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हलने ऑक्टोबर २०१४ मध्ये थेट २०१९ पर्यंतच्या चित्रपटांच्या तारखा जाहीर केल्या होत्या. तारीख आधी आणि कथा मागाहून, असा क्रम लागला की शेवट ही सोयीची तात्पुरती थांबण्याची जागा होते.

इथे प्रेक्षकांनाही मोकळे सोडता येणार नाही, आणि त्यांत मीही आलो. २०१७ च्या 'लोगन'मध्ये वुल्व्हरिन या सुपरहीरोचा मृत्यू अत्यंत गांभीर्याने चितारला होता. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'च्या सुरुवातीलाच त्याची कबर अक्षरशः उकरली जाते आणि त्याच्या हाडांचा हत्यारासारखा वापर होतो. चित्रपट स्वतःच्या निर्लज्जपणाची स्वतःच टिंगल करतो, म्हणून मीही मनसोक्त हसलो. घरी आल्यावर मात्र 'लोगन' पुन्हा पाहण्याची इच्छा उरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियर मार्व्हलच्या चित्रपटांत परतणार अशी घोषणा झाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. या वेळी ते आयर्न मॅन हा नायक नसून डॉक्टर डूम हा खलनायक आहेत, हे मान्य. पण २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये ज्या चेहऱ्याला आपण निरोप दिला, तोच चेहरा विकायला काढला आहे, हेही तितकेच खरे आहे.

कॉमिक्सच्या जगात मेलेली पात्रे परतत आलीच आहेत, असा यावर नेहमीचा युक्तिवाद असतो. तो मासिक अंकांपुरता ठीक आहे. चित्रपटात नट आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होतो, आणि प्रेक्षकही. 'टॉय स्टोरी ३' (२०१०) मध्ये कॉलेजला निघालेला अँडी आपली खेळणी एका लहान मुलीच्या हाती सोपवतो, तेव्हा १९९५ मध्ये पहिला भाग पाहिलेली मुलेही त्याच वयाची झालेली होती. चौथा भाग वाईट नव्हता, त्याला ऑस्करही मिळाले. तरीही अँडीचे लाडके खेळणे असलेला वूडी त्या नव्या मुलीच्या कपाटात विसरला गेलेला पाहताना, हे कशासाठी, असा प्रश्न मला पडला.

आपल्या दैनिकाच्या चित्रपट परीक्षकांना एवढीच विनंती आहे की, सीक्वेलचे परीक्षण लिहिताना दृश्य करामती आणि तारे मोजण्याबरोबरच, या भागाने आधीच्या भागाचा शेवट तसाच राखला, पुढे नेला की मोडला, यावरही दोन ओळी लिहाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी मला तेवढेच जाणून घ्यायचे असते.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक