पालखीभोवतीची गर्दी आणि दीर्घिकेचे बाहू

फोंडा, गोवा
१४ एप्रिल

प्रिय अनंता,

कॉलेजात असताना मिरामारच्या वाळूवर तू विचारलं होतंस, दीर्घिकेचे, म्हणजे ताऱ्यांच्या त्या अफाट चक्राचे, वळलेले बाहू गुंडाळून का जात नाहीत? मी ठासून सांगितलं, पंख्याच्या पात्यांसारखे ते अख्खेच फिरतात. ते चूक होतं, आणि मला ते फार दिवस टोचतंय.

दीर्घिकेच्या केंद्राभोवती आतले तारे लवकर फेरी पुरी करतात, बाहेरच्यांना वेळ लागतो. आपल्या सूर्याला एका फेरीला सुमारे २३ कोटी वर्षं लागतात; जन्मल्यापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या. बाहूत कायम तेच तारे असते, तर एवढ्यात ते सुताच्या गुंडीसारखे आवळून गेले असते. तुझी शंका रास्तच होती.

परवा सोमवारी देवळात पालखी होती. ती सावकाश प्रदक्षिणा घालत होती आणि पोरं धावत फेऱ्या मारत होती. पालखीपाशी आली की गर्दीत अडकायची, वाट काढून पुढे निसटायची, फिरून मागून येऊन पुन्हा अडकायची. गर्दी पालखीच्या चालीने सरकत होती, आतली माणसं बदलत होती. उभ्या उभ्या तुझी आठवण झाली. अरे, बाहू म्हणजे हेच! चिया-चिआओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडलं: बाहू ही घनतेची लाट. तारे आणि वायू तिच्यात शिरतात, रेंगाळतात, बाहेर पडतात.

खरं तर जुन्या ताऱ्यांची दाटी तिथे फारशी वाढत नाही. मग एवढा झगझगाट कुठला? वायू दाबला जातो, त्यातून नवे तारे जन्मतात. त्यांतले सगळ्यांत तापलेले निळे तारे एक कोटी वर्षंही जगत नाहीत. पालखीपुढे पेटवलेला कापूर तिथेच जळून संपावा, तसे ते बाहूच्या आसपासच विझतात. सूर्यासारखे मंद, दीर्घायुषी तारे पुढे चालत राहतात.

लाट टिकते किती, यावर अजून वाद आहे. संगणकावर दीर्घिका घडवून पाहिल्या तर बाहू पुष्कळदा विरतात आणि नवे उठतात. मला वाटतं, सगळ्या दीर्घिकांना एकच कारण लावू नये. सप्तर्षीतल्या मरीचीजवळची एम ५१ ही दीर्घिका बघ, शेजारच्या धाकट्या दीर्घिकेची ओढ तिच्या बाहूंत स्पष्ट दिसते. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडात ७२ इंची दुर्बिणीतून सर्पिल आकार पहिल्यांदा पाहिला, तो हिचाच.

मे महिन्यात अमावस्येच्या सुमारास ये. माझ्या लहान दुर्बिणीत बाहू दिसणार नाहीत, दोन धुरकट ठिपके दिसतील. तेवढे तरी तुला दाखवायचेच आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत