वाचकांच्या आवडीलाही जागा हवी

महोदय,
आवडत्या पुस्तकांविषयी, गाण्यांविषयी आणि चित्रपटांविषयी सामान्य वाचकांनी लिहिलेल्या टिपणांना आपल्या रविवारच्या पुरवणीत नियमित जागा मिळावी, ही विनंती. परीक्षणातून कलाकृतीचे गुणदोष समजतात. परंतु ती माणसाच्या मनात वर्षानुवर्षे कशी मुरत जाते, हे वाचकच सांगू शकतो.

श्री. ना. पेंडसे यांची १९५२ साली प्रसिद्ध झालेली ‘गारंबीचा बापू’ ही माझी सर्वांत आवडती कादंबरी. आम्हा दापोलीकरांना तिच्यातील सुपारीच्या बागा ओळखीच्या वाटतात, हे खरेच. तथापि केवळ निसर्गवर्णनासाठी तिची स्तुती होते, तेव्हा मला ती अपुरी वाटते. बापू आणि राधा यांच्या नात्याकडे पेंडसे ज्या निर्भयपणे पाहतात, आणि गावाच्या दडपणापुढे न वाकणारा माणूस त्याच्या हट्टासकट जसा उभा करतात, त्यात तिचे खरे मोठेपण आहे.

शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेले ‘वादळवारं सुटलं गो’ हे लताबाईंच्या आवाजातील गीतही असेच जिवाभावाचे. समुद्रावर गेलेल्या माणसाची काळजी किनाऱ्यावरच्या घरांना वेगळी सांगावी लागत नाही. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मधील आजोबा आणि नातू यांच्याविषयी तर स्वतंत्र पत्रच लिहावे लागेल.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील ग्रंथालयांच्या सभासदांकडून अशी टिपणे मागवल्यास उत्तम लेखन हाती येईल, अशी माझी खात्री आहे.

– एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)