गिरणीतली खोली

आई, बाबा,

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला, म्हणून हे लिहून पाठवतेय, आई तू बाबांना सावकाश वाचून दाखव.

मी खोली बदलली. आता लोअर परळला राहते, एका जुन्या गिरणीत. गिरणी पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये नाही बाबा, गिरणीच्याच शेडमध्ये, आत भिंती घालून छोट्या छोट्या खोल्या काढल्यात भाड्याने द्यायला, त्यातली एक. स्टुडिओ म्हणतात, म्हणजे झोपायचं, बसायचं, स्वयंपाक सगळं एकातच.

आई, तुझे प्रश्न आधी. संडास-बाथरूम आतच आहे, तळमजला आहे त्यामुळे तुझ्या गुडघ्यांना काही त्रास नाही. ओटा जेमतेम तीन फुटांचा, इंडक्शनवर करते. भाडं ३८ हजार, डिपॉझिट दीड लाख, ऐकून तुझ्या पोटात गोळा येणार मला माहितीय, पण गोरेगावहून ये-जा करण्यात रोजचे अडीच तास जायचे आणि घरी आल्यावर जेवायचंसुद्धा त्राण राहायचं नाही, ते आता थांबलं. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स आहे, रीतसर रजिस्टर केलेलं. ते नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाचीच असते तरी टाळणारे दोघं भेटले, त्यांच्याकडे मी घेतलंच नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. ही साचाखात्याची, म्हणजे मागांची शेड आहे. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि काचा सगळ्या उत्तरेकडे, तुम्ही लहानपणी मला पाटीवर काढून दाखवलं होतं अगदी तस्सं. दिवसभर एकसारखा उजेड असतो, उन्हाची तिरीप नाही, आणि मला आत्ता कळलं की तुटलेला धागा दिसायला हा उजेड लागायचा. उंची १८ फूट असेल, म्हणून अर्ध्या भागात पोटमाळा केलाय, एजंट त्याला लॉफ्ट म्हणत होता. खोलीच्या मधोमध बीडाचा खांब आहे, त्याच्यावर रंगाचे इतके थर की नखाने टोकरलं की आधी पांढरा मग हिरवा मग काळपट निघतो, आणि माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर बोल्टची चार भोकं आहेत.

पंखा लावायला इलेक्ट्रिशियन आला होता, त्याने तुळईजवळ ड्रिल मारलं तर भिंतीच्या फटीतून करड्या कापसाचा पुंजका खाली पडला. तो झाडूने काढायला निघाला, मी त्याला थांबवलं. तुम्ही सांगायचात ना, पाळी सुटली की गाळ्यात शिरायच्या आधी केसातला कापूस झटकायचा, नाहीतर झोपलेल्यांच्या तोंडावर पडतो, ते एकदम आठवलं. एका खोलीत तीस जण, पाळीपाळीने झोपायचं. मी इथे एकटी राहते. पुंजका डबीत ठेवलाय.

हे सांगायला वेळ लागला त्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यात तुम्ही, आणि तुमची गिरणी पुन्हा तुमच्यासाठी उघडली नाही. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागांना, एक घरांना, एक मालकाला, आणि २००१ ला तो हिशोब फक्त रिकाम्या जमिनीपुरता केला, म्हणजे वाटायला उरलं किती. तुम्ही गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा फॉर्म भरलात, पावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय, आणि मी मात्र पगारातून भाडं भरून गिरणीत राहायला आले. सही करताना हात अडखळला माझा. वाटलं बाबांना विचारायला हवं होतं. घर तुमच्या हक्काचं, ते तुम्हाला मिळायलाच हवं, हे मला इथे राहायला आल्यापासून जास्तच वाटतं, आणि पुढच्या मोर्चाला मी येणार आहे.

तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला सांगा, आईकरवी नको, तुम्ही स्वतः.

आणि दोघं या. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढते, कणकवलीहून बसायचं, दोन्ही खालचे बर्थ बघते, दादरला मी घ्यायला येईन. दिवाळीनंतर या, आत्ता पत्रा तापतो फार आणि एका कोपऱ्यात पाणीही गळतं, ते तोपर्यंत करून घेते. आई कोकम आण, इथलं नको वाटतं.

बाबा, खांबावरच्या त्या चार भोकांना काय लागायचं? पट्ट्याचा शाफ्ट का? इथे सांगणारं कोणी नाही. आल्यावर सांगा, आणि तुमचा साचा असता तर कुठल्या बाजूला असता तेही दाखवा.

तुमची,
ताई