सही तुमचीच लागेल

पुणे
8 फेब्रुवारी 2026

ती. आई आणि बाबा,
सा. न.

सज्जा कोसळून पिंट्या गेला, त्याबद्दल इमारतीच्या मालकांवर दावा लावायचा विषय फोनवर निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते. म्हणून पत्र लिहितेय. सावकाश वाचा, लगेच उत्तर देऊ नका.

काल वकीलबाईंकडे जाऊन आले. जाताना मनात होतं, दावा माझ्या नावाने लावायचा, तुम्हाला त्रास नको. मी सगळे कागद त्यांच्या टेबलावर मांडले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही मयताच्या कोण?" म्हटलं, मोठी बहीण. त्यांनी पेन खाली ठेवलं. कायदा 1855 चा आहे, फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट. दुसऱ्याच्या हयगयीमुळे कुणी गेलं, तर भरपाई मागता येते ती नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी. भावंडांचा त्यात उल्लेख नाही. पिंट्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, पण दाव्यात मी कुणीच नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे राहिलात तुम्ही दोघं.

आणि आई, आणखी एक गोष्ट ऐकून मी चाटच पडले. मागे त्याचं स्वतःचं म्हणून जे काही राहिलं, त्याची पहिली वारस तू एकटी. हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलाची आई पहिल्या वर्गात येते आणि वडील दुसऱ्या. त्यामुळे दाव्यात वादी क्रमांक 1 तू आणि क्रमांक 2 बाबा. आजवर घरातल्या कुठल्याच कागदावर तुझं नाव आधी आलेलं मला आठवत नाही.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि मेलेल्या पोराचे पैसे घ्यायचे नाहीत. तेराव्याला इमारतीच्या मालकांचा माणूस पाकीट आणि 'आमची काही तक्रार नाही' असा टाइप केलेला कागद घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्याला चहाही न देता वाटेला लावलंत. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला. पण ते पाकीट आणि हा दावा एकच नाही. पाकीट घेतलं असतं तर ते गप्प बसण्याचे पैसे झाले असते. दाव्याचं समन्स मिळालं की त्यांना 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यावी लागते, आणि तीही आपल्या एकेका परिच्छेदाला धरून. दीड वर्षात त्यांनी आपल्याला एक ओळ लिहिलेली नाही.

तीस वर्षं तुम्ही एसटीत कंडक्टर होतात. रात्री वेबिल जुळवताना पाच रुपये कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भरायचात. ज्याच्या हातून तूट आली त्याने ती भरायची, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

फौजदारी केस चालू आहे ना, मग हे कशाला, असं तुम्ही विचाराल. ती केस सरकारची, भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवल्याची. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि आपण नुसते साक्षीदार. दिवाणी दाव्यात कुणाची बाजू जास्त संभवनीय, एवढं बघतात. त्या केसमध्ये आरोपी सुटले तरी हा दावा आपोआप पडत नाही.

पुरावा काय, तर माहितीच्या अधिकारात मला एक कागद मिळाला. रस्त्यावर आलेला सज्जा धोकादायक आहे, दुरुस्त करा, अशी महापालिकेची नोटीस मालकांना 2022 मध्येच गेली होती. पोच म्हणून सही आहे. वकीलबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मला चांदणी चौकातल्या घंटाघराची गोष्ट सांगितली. दिल्लीतलं हे जुनं घंटाघर 1951 मध्ये कोसळलं, माणसं गेली. तीन घरच्या लोकांनी महापालिकेवर दावे लावले. बांधकाम ऐंशी वर्षांचं, आणि तसल्या चुन्याच्या कामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घंटाघर आपोआप पडत नाही, ते पडलं हाच हयगयीचा पुरावा. रस्त्याला लागून इमारत असेल तर दोष आत लपलेला होता ही सबब चालत नाही. आपल्या बाबतीत तर दोष लपलेलाही नव्हता.

तुम्ही वर्षं मोजली असतील. 1951 ते 1966. मीही मोजली. किती लागतील याची खात्री वकीलबाईही देत नाहीत, आणि मीही खोटं सांगणार नाही.

आता अवघड भाग. नुकसान किती ते आकड्यात मांडावं लागतं. त्यांनी वाहन अपघातांच्या दाव्यांत वापरतात तो हिशेब करून दाखवला. आपल्या कोर्टाला तो बंधनकारक नाही, पण आधार म्हणून धरतात. पगार महिना 40,000, वर्षाचे 4,80,000. पुढे वाढला असता म्हणून 40 टक्के वर, झाले 6,72,000. त्यातले निम्मे वजा, कारण अविवाहित मुलगा अर्धी कमाई स्वतःवर उडवतो असं धरतात. उरलेल्या 3,36,000 ला 16 ने गुणायचं, कारण वय 33. आकडा 53,76,000. मी कॅल्क्युलेटर बंद केला. अर्धी कमाई स्वतःवर! तीन पावसाळे एकच बूट वापरणारा आपला पिंट्या! पण हे बोलायची ती जागा नव्हती.

आणि उलटतपास होणार. पंचनाम्यात लिहिलंय: काळ्या रंगाची सॅक एक, त्यात स्टीलचा दोन खणी डबा, घडी घातलेली छत्री. त्यांचा वकील विचारणार, छत्री होती तर उघडली का नाही, सज्ज्याखाली का थांबला? चूक त्याच्यावर ढकलायचा प्रयत्न करतील. हे मी आत्ताच सांगतेय, कोर्टात पहिल्यांदा कानावर पडायला नको. चार पावलांसाठी कोण छत्री उघडतं?

दावा पुण्यातच लावावा लागेल. घटना इथली, मालकही इथलेच. सांगलीहून दर तारखेला यायची गरज नाही. बाबांच्या गुडघ्यामुळे जमलंच नाही, तर साक्ष घ्यायला कमिशनर घरी पाठवा असा अर्ज करता येतो. कोर्ट फी माझ्याकडे. तिच्यासाठी शेताकडे बघू नका.

मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, तो गेला त्या दिवसापासून. म्हणजे 13 ऑगस्टच्या आत. वकीलबाई म्हणतात, मे महिन्याच्या सुट्टीआधी दाखल करू.

'नाही' म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण 'नाही' दोघांनी म्हणा, बाबांनी एकट्याने नाही.

'हो' असेल तर बाबा, बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, 2019 पासूनचं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचे 15,000 यायचे, त्या नोंदी लागतील. छपाई पुसट आली तर त्यांच्याकडून शिक्का मारलेला उतारा घ्या. आई, वकीलपत्रावर मराठीत सही चालते. आधारवर जशी आहे तशीच कर, पूर्ण नावाची. शनिवारी मी कागद घेऊन येते. त्याचा डबाही आणते, पोलिसांनी परत दिलाय.

तुमची,
मनू

ता. क. छत्री दिली नाही. ती मुद्देमालात आहे.