जंकमध्ये गेलेलं पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. (बाबा, एवढं जुन्या पद्धतीनं लिहिलंय, पुढचं मी बोलते तसंच लिहिणार, चुका काढू नका.)

आधी माफी मागते. माळ्यावरच्या सामानाची यादी तुम्ही मेल केलीत ना, ती कॉम्प्युटरनं परस्पर जंकमध्ये टाकली आणि तिकडे मी कधी फिरकतच नाही. बारा दिवसांनी उघडून बघते तर लॉटरी लागल्याच्या आणि केस वाढवायच्या मेलांच्या मधोमध "चि. चिमीस अनेक आशीर्वाद". मला हसूच आलं, तसंच फोनवर सांगितलं, तर तुम्ही गप्प, आणि मग "म्हणजे आम्ही कचरा" म्हणून फोन आईकडे दिलात. तेव्हापासून तो शब्द माझ्या डोक्यात अडकलाय.

आता गंमत ऐका. मी राहते त्या इंग्लंडमधल्या चॅटमला जुन्या काळची नौदलाची गोदी आहे, आता तिचं म्युझियम केलंय, आणि तिथे जहाजांचे दोर वळायची इमारत अजून उभी आहे, साडेतीनशे मीटरच्या आसपास लांब. एवढी लांब कशाला, तर नांगराचा दोर एका दमात सरळ ताणून वळावा लागतो आणि पीळ भरताना तो आखडत जातो, म्हणून त्याच्याहून लांब जागा हवी. शनिवारी तिथे गेले होते आणि तिथेच कळलं की जंक म्हणजे मुळात कचरा नव्हेच, जंक म्हणजे जहाजावरचा जुना दोर! सहाएकशे वर्षांपूर्वी इंग्लिश खलाशी याच अर्थानं हा शब्द वापरायचे. तो कुठून आला यावर शब्दकोशवाल्यांचं एकमत नाही, कोणी लॅटिनमधल्या लव्हाळ्याच्या शब्दाशी नातं लावतात. (चिनी शिडाच्या जहाजालाही जंक म्हणतात पण तो वेगळा, मलाय-जावाकडचा शब्द. बाबा हे विचारणारच म्हणून आधीच सांगून टाकलं.)

आणि हा झिजलेला दोर समुद्रात फेकून द्यायचे नाहीत हां. त्याचे तुकडे करून ठेवायचे, त्याच्या चटया विणायच्या, जहाज धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये टांगायला गुंडे करायचे, आणि उरलेला पीळ सोडून पिंजायचा. तो डांबरलेला पिंजलेला तंतू फळ्यांच्या फटीत ठोकून बसवायचा आणि वरून डांबर ओतायचं, आपल्याकडे होडीच्या फटीत कापूस ठासतात ना, तसंच. हे पिंजायचं काम इतकं किचकट की ते तुरुंगातल्या कैद्यांना आणि वर्कहाउसमधल्या, म्हणजे कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणाऱ्या घरांतल्या, गरिबांना द्यायचे, बोटं सोलून निघायची. लेखक ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये सक्तमजुरी झाली तेव्हा त्यालाही हेच करावं लागलं. मला लगेच अंदमान आठवलं, सेल्युलर जेलमध्ये आपल्या राजकैद्यांना नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायला लावायचे तेच. आपण चहा पिताना सहज काथ्याकूट म्हणतो, कुटणाऱ्याचे हात कोणाला आठवतात.

पुढे खलाशी खारवलेल्या मांसालाही जंक म्हणायला लागले कारण ते चावताना जुना दोर चघळल्यासारखं लागायचं, आणि हे लोक वर्षानुवर्षं तेच खायचे! मग बंदरावर जहाजांचे जुने दोर, लोखंड, बाटल्या विकत घेणारी दुकानं निघाली, ती जंकची दुकानं. म्हणजे आपला भंगारवालाच की. त्या दुकानात जे जे पडलेलं असेल ते सगळं हळूहळू जंक झालं आणि दोर मागेच राहिला. जंक फूड, जंक मेल वगैरे तर परवापरवाचं.

आई, यावरून तुझ्या माहेरची, गोव्यातल्या पेडण्याची आठवण आली. लग्न होऊन दापोलीला आलीस तेव्हा दारावर "भंगाऽऽर" ओरडत माणूस आला आणि तुला वाटलं हा सोनं विकतोय, कारण कोकणीत भांगार म्हणजे सोनं. आजी मरेपर्यंत ते सांगून हसायची.

आणि बाबा, तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मिठाईच्या पुड्याचा, साडीच्या खोक्याचा, वाण्याकडचा, मिळेल तो दोरा सोडवून, गाठी काढून बोटावर गुंडाळून त्यात ठेवलेला. गाठ कात्रीनं कापली की ओरडायचात. मी किती चिडवलंय तुम्हाला त्यावरून, चिक्कू पण म्हटलंय, आणि शनिवारी त्या काचेच्या कपाटात जुन्या दोराचे असेच नीट गुंडाळलेले तुकडे बघितले आणि तिथेच उभी राहिले, बरोबरची मंडळी कधीच पुढे निघून गेली होती.

म्हणजे तुम्ही जंकमध्ये गेलात हे काही मी मुद्दाम केलेलं नाही, पण शब्दशः बघायचं तर फार चुकीचंही नाही. रागावू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे मला माहितीय, आई फोनवर हसत होती तेव्हा तुम्ही मागून काहीतरी पुटपुटत होतात ते ऐकू आलं मला.

आता यादीचं. हार्मोनियम शाळेला द्या, घडीच्या खुर्च्या द्या कोणालाही, माझी दहावीची गाइडं रद्दीत. बंब द्यायचा नाही, तांब्याचा भाव वाढलाय म्हणून तो भंगारवाला गोड बोलतोय. विहिरीवरचा जुना दोर आणि तुमचा डबा मी येईपर्यंत हलवू नका, डिसेंबरच्या वीस तारखेचं तिकीट काढलंय. माळ्यावर तुम्ही चढायचं नाही, गुडघा सांभाळा. आणि यापुढे मेल पाठवलात की एक मिसकॉल द्या.

तुमची,
चिमी