ओ’री यांची कारकीर्द ४५ सामन्यांची नव्हे

रविवारच्या क्रीडा पानावरील विली ओ’री यांच्यावरचा लेख वाचला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या अव्वल लीगमधील ४५ सामने आणि ४ गोल एवढाच हिशेब मांडून त्यांचे मोठेपण ‘प्रतीकात्मक’ ठरवणे पटले नाही.

१८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्सकडून उतरलेले ओ’री हे या लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. तेव्हा लीगमध्ये संघच अवघे सहा होते. जागा मिळणे गोऱ्या खेळाडूंनाही दुरापास्त होते. त्यातच ज्युनियर स्तरावर खेळताना पक (आइस हॉकीतली कडक रबरी चकती) लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती. हे उघड झाले असते तर नियमानुसार दारे बंद झाली असती, म्हणून त्यांनी ते लपवले. ते खेळत डाव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या मध्यातून येणारा पास नेमका निकामी डोळ्याच्या बाजूने येई आणि प्रत्येक वेळी मान पूर्ण वळवावी लागे. पुढे वेस्टर्न हॉकी लीग या एनएचएलच्या खालच्या स्तरावरील लीगमध्ये लॉस एंजेलिसच्या प्रशिक्षकांनी त्यांना उजव्या बगलेवर आणले. त्यानंतर १९६४-६५ आणि १९६८-६९ या दोन्ही हंगामांत त्यांनी ३८-३८ गोल केले. (लेखात हे आकडे नाहीत, याचेच नवल वाटले.) १९७९ पर्यंत ते व्यावसायिक हॉकी खेळत राहिले. त्यांच्यानंतरचा कृष्णवर्णीय खेळाडू एनएचएलमध्ये यायला मात्र १९७४ साल उजाडले.

– एक वाचक, नाशिक