चाचा, डाव्या चाकासाठी मनापासून आभार

चाचा, आदाब.

तुम्ही मोबाईलवर लांबलचक काही वाचत नाही हे माहितीय मला, चष्मा लावला की डोकं दुखतं म्हणला होतात. म्हणून तुमच्या पोराला सांगते, हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव चाचांना, मधलं काही गाळू नको. घरी येऊन बोलले असते तरी चाललं असतं, पण मला हे चार लोकांसमोर म्हणायचंय, कारण तुम्ही जे केलं ते तुमच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे गाडीच्या चाकांचे कोन जुळवायच्या दुकानात रोज होत असेल पण माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, राहते लातूरला आणि शाळा चाकूरच्या पुढं आतल्या रस्त्यावर, एका बाजूनं 38 किलोमीटर, म्हणजे रोजचे 76. गाडी सेकंडहँड स्विफ्ट, 2015 चं मॉडेल, माझ्या पगारातून घेतलेली आणि मीच चालवते. गेल्या दिवाळीत पुढचे दोन टायर नवे टाकले. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा बघते तर गाडी सरळ चालली असताना स्टेअरिंग उजवीकडं तिरकं राहायलंय, आणि हायवेला थोडा वेग घेतला की हाताला थरथर. मनात भीतीच बसली, कारण माझ्यासोबत आमच्याच शाळेतल्या अजून दोन बाया येतात आणि त्यातल्या एकीचं बाळ मांडीवर असतं.

एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. एसीत बसवलं, कॉफी दिली आणि अर्ध्या तासानं हातात कागद, चार टायर, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे), दोन चाकांचं कॅम्बर करेक्शन (चाकाचा झुकाव सरळ करणं), टायरमध्ये नायट्रोजन, मिळून 27,400 रुपये. मी विचारलं नेमकं काय झालंय, तर तो मुलगा म्हणला मॅडम तुमचे मिस्टर आले की त्यांना समजावून सांगतो. मी गाडी काढली आणि निघाले. पैशाचं नंतर सुचलं, आधी ते वाक्यच लागलं.

मग दोन दिवसांनी हवा भरायला पंक्चरवाल्याकडं थांबले, त्या पोराचेही आभार मला इथंच मानायचेत, त्यानं न विचारता वाकून टायरच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली आणि म्हणला, बाई, वरून नवा दिसायलाय पण आतून तार निघाली की ओ, एकदा खाली बसून बघा. मी बसून बघितलं, डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत आणि एका जागी खरंच तार. तो म्हणला टायर बदलू नका आधी, अलाइनमेंट बघणारा माणूस गाठा. कुठला गाठू विचारलं तर म्हणला, ज्या दुकानापुढं भाड्याच्या गाडीवाले रांग लावतात तिथं जावा, त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, टायर लवकर गेला की त्यांची कमाई जाते, ते चुकीच्या माणसाकडं दुसऱ्यांदा जात नाहीत. आणि मग त्यानं तुमचा पत्ता दिला चाचा.

तुमच्याकडं आले तेव्हा पुढं तीन टुरच्या गाड्या आणि एक काळी-पिवळी. तुम्ही म्हणलात घंटाभर लागेल, बसा. मी म्हणलं मला बघायचंय. दुसऱ्या कुणी खुर्ची पुढं सरकवून गप्प बसवलं असतं, तुम्ही म्हणलात मग बसू नका, इकडं या. तिथून पुढचा सव्वा तास मला जन्मभर आठवणार आहे.

पहिल्यांदा तुम्ही माझा हात टायरवर ठेवायला लावला. आतून बाहेर फिरवा म्हणलात, गुळगुळीत लागलं. आता बाहेरून आत, आणि बोटांना करवतीसारखं टोचलं. तुम्ही म्हणलात, हे बघा, मधोमध झिजला असता तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असत्या तर हवा कमी, एकच कड गेली आणि हाताला करवत लागली म्हणजे चाक तिरकं चाललंय, टायर पळत नाही, घासत जातंय. गाडी मशीनवर चढवायच्या आधीच तुम्हाला अर्धं कळलं होतं.

मग तुम्ही विचारलंत, मॅडम, उसाच्या रस्त्यानं जाता का. मी थक्क झाले. मी माझा रस्ता सांगितलाच नव्हता. तुम्ही म्हणलात सीझनमध्ये डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर समोरून आला की तुम्ही गाडी खाली घेता, डावं चाक डांबरावरून साईडपट्टीवर आपटतं, परत वर चढताना आपटतं, दिवसातून किती वेळा ते मोजा. आणि आपली काळी माती, पावसात फुगती, उन्हाळ्यात आकसती, रस्त्याच्या कडा कधीच एका पातळीत राहात नाहीत. आपल्या भागात डावं चाकच आधी रडतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत मी रोज आठ-दहा वेळा तरी तसं चाक खाली घातलं असेल, आणि एकदाही मला वाटलं नाही की त्याचा हिशोब कुठंतरी मांडला जायलाय.

जॅक लावून तुम्ही डावं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, टक टक आवाज आला. मग बारा आणि सहाला धरून हलवलं, काहीच नाही. म्हणलात टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक, ढिला झालाय, बेअरिंग आणि बॉल जॉइंट चांगले, लोअर आर्मचं बुश (सांध्यातलं रबर) पण बघितलं, चिरलेलं नाही, कशाला बदलायचं. म्हणजे त्या कागदातले दोन लोअर आर्म तिथंच गेले.

मशीनवर घ्यायच्या आधी तुम्ही चारी चाकांची हवा दरवाजाच्या पट्टीवरचा आकडा वाचून सारखी केली, रोज गाडीत किती माणसं बसतात विचारलं, मशीनच्या कॅमेऱ्याला कोन दिसावा म्हणून चाकांना लावायच्या त्या पाट्या फडक्यानं पुसल्या. पोराला दोनदा ओरडलात, धूळ असली की कॅमेरा खोटं बोलतो म्हणून. मग गाडी थोडी मागं ढकलली, थोडी पुढं, स्टेअरिंग सरळ करून अडकवून टाकलं आणि स्क्रीनवर आकडे आले. डाव्या चाकाचा टो लाल, उजव्याचा पण जरा लाल, कॅम्बर दोन्हीकडं हिरवा. तुम्ही म्हणलात वाचा. मी वाचलं. तुम्ही विचारलंत, कॅम्बर हिरवा आहे ना, मग करेक्शन कशाचं?

हे मला सगळ्यांना सांगायचंच आहे, म्हणून चाचांचं म्हणणं माझ्या भाषेत लिहिते. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत वळलीत का बाहेर, आपल्या पायाचे अंगठे आत-बाहेर असतात तसं. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून आत झुकलंय का बाहेर. माझ्या गाडीसारख्या छोट्या गाड्यांत सहसा फक्त पुढचा टो स्क्रूनं जुळवता येतो, कॅम्बरला कंपनीनं स्क्रूच दिलेला नसतो, मागच्या चाकांचं तर काहीच फिरवता येत नाही. मग कॅम्बर करेक्शन म्हणून काही ठिकाणी काय करतात, तर जॅक लावून तो भाग वाकवतात. चाचा, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, म्हणलात लोखंड एकदा वाकवलं की त्याचा भरोसा गेला, आकडा हिरवा होतो पण ज्याच्यावर चाक उभं आहे तेच आपण कच्चं करतो, कॅम्बर खरंच लाल आला तर काय वाकलंय ते शोधा, तो पार्ट बदला, उलटं वाकवू नका.

आणि नायट्रोजनबद्दल मी विचारलं तर म्हणलात, भरायचा तर भरा, नुकसान नाही, पण साध्या हवेत पण बहुतेक तोच आहे, 15 दिवसांनी हवा तपासायची सवय ठेवा. शाळेत मुलांना मीच शिकवते हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, आणि वर्कशॉपात तेच विकायला आलं तेव्हा मला हे आठवलं नव्हतं.

सगळ्यात भारी मला हे वाटलं की तुम्ही ढिल्या टाय रॉडवर अलाइनमेंट करायला नकार दिला. चाक हातानं हलवलं आणि दाखवलं, स्क्रीनवरचा आकडा नाचत होता. म्हणलात आत्ता हिरवा करून देतो, साडेतीनशे घेतो, तुम्ही खुश, आणि वाटेतल्या आष्टामोडला पोचेपर्यंत परत लाल. आधी पार्ट, मग अलाइनमेंट. तुमच्या पोरानं पार्ट आणून बसवला, तुम्ही लॉक नट ढिला करून दोन्हीकडचा रॉड थोडा थोडा फिरवला, एकाच बाजूनं फिरवलं तर टो जुळतो पण स्टेअरिंग वाकडं राहतं असं करता करता सांगत होतात, आणि माझ्या डोळ्यासमोर दोन्ही आकडे हिरवे झाले.

टायरचं पण तसंच. तार निघालेला डावा टायर बाजूला काढला, हा एक किलोमीटर पण वापरायचा नाही म्हणलात. मग डिकी उघडून स्टेपनी काढली, तिच्या कडेवरचे चार आकडे मला वाचायला लावले, 2221, म्हणजे 2021 सालचा 22 वा आठवडा, नक्षी पूर्ण, कुठं चीर नाही. मागचे चांगले दोन पुढं घेतले, पुढचा उजवा आणि स्टेपनी मागं, चारी चाकांचं बॅलन्सिंग केलं, म्हणजे पट्ट्या लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं केलं, आणि थरथर तिथंच संपली. पावसाळ्याआधी दोन टायर घ्या, आज नको, पगार झाल्यावर बघा. हे कोण म्हणतं हो? तुमच्या दुकानात टायर विकायला होते. मी मागितले असते तर तुम्ही दिले असते, मी मुकाट घेतले पण असते.

बिल इथं लिहिते, चाचा रागावू नका. टाय रॉड एंड 480, बसवायचे 150, अलाइनमेंट 350, बॅलन्सिंग चार चाकांचं 200, वजनाच्या पट्ट्या 85. एकूण 1265 रुपये. तेराशे दिले तर 35 परत मोजून दिलेत, राहू द्या म्हणलं तर ऐकलं नाही.

नंतर चाचणीला तुम्ही शेजारी बसलात आणि गाडी मला चालवायला दिलीत, ही गोष्ट छोटी वाटेल पण मला लई मोठी आहे, कारण आजवर प्रत्येक मेकॅनिकनं किल्ली मागून घेतली, फेरी मारून आणली आणि ओके म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणलात रोज तुम्ही चालवता, तुमच्या हाताला कळलं पाहिजे. हात सैल ठेवा, सोडू नका. गाडी किंचित डावीकडं गेली तशी मी घाबरले, तर म्हणलात रस्ता बघा, पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरता आहे, एवढी तर जाणारच, आता सपाट जागेवर बघू. सपाट जागेवर सुतासारखी सरळ गेली. स्टेअरिंग पण सरळ.

घरी येऊन मी मशीनवरच्या आकड्यांचे आधीचे आणि नंतरचे दोन्ही प्रिंट समोर घेऊन बसले. डावं चाक अर्धा अंश बाहेर वळलेलं होतं. अर्धा अंश म्हणजे मुलांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर दाखवता पण येत नाही इतका. पण हिशोब केला तर 1 किलोमीटरला साधारण पावणेनऊ मीटर टायर आडवं घासत जातं. दिवाळीपासून गाडी 11,000 किलोमीटर चालली, म्हणजे माझं डावं टायर जवळपास 95 किलोमीटर नुसतं फरफटत आलं, शाळेचं अंतर अडीच वेळा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कोन शिकवताना मी हेच प्रिंट वर्गात नेले, पोरं एवढ्या शांतपणे कधी ऐकत नाहीत, त्यातल्या एकीचे वडील ट्रॅक्टर चालवतात, ती दुसऱ्या दिवशी सांगायला आली की रात्री पप्पांसोबत चाकाला हात लावून बघितला.

मेमध्ये पाचशे किलोमीटरनंतर तुम्ही बोलावलं म्हणून आले होते, परत मशीनवर घेतली, सगळं हिरवं, एक रुपया घेतला नाही. जूनच्या पगारात दोन टायर घेतले, तुमच्याकडूनच, आणि मागं टाका म्हणलात तसे मागंच टाकले. आमच्या शाळेतल्या तिघांच्या गाड्या तुमच्याकडं येऊन गेल्या, एकाला तुम्ही काहीच न करता परत पाठवलं, हवा कमी आहे फक्त म्हणून. तो अजून सगळ्यांना सांगत फिरतो.

ज्यांना लातूरला यायला जमत नाही त्यांना एवढंच सांगते की आपल्या गावातल्या गॅरेजवाल्याला आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट मागा, आणि माझ्या गाडीत कुठला कोन फिरवता येतो हे विचारा. उत्तर देताना तो गाडीकडं बोट दाखवतो का रेट कार्डाकडं, ते बघा.

चाचा, परवा धो धो पाऊस होता, चाकूरच्या अलीकडं रस्त्यावर पाणी साचलेलं, मागच्या सीटवर बाळ झोपलेलं आणि समोरून ट्रक. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. बाळ उठलं पण नाही. त्याच्या आईला मी काही बोलले नाही, पण तुमची आठवण आली आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

पुढच्या तपासणीचे पाच हजार किलोमीटर ऑगस्टच्या शेवटी होतील, रविवारी सकाळी लवकर येते, रांगेत पहिली. चाचींसाठी आमच्या शेतातली तुरीची डाळ आणतेय, तिचे पैसे मोजून द्यायचे नाहीत.

तुमची,
स्विफ्टवाल्या मॅडम